मुलांवरील औषधचाचण्या आणि बापाचा खाडा

शरीराची संरक्षक शक्तीच ज्या व्याधीत स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर उलटते, त्या व्याधीने ग्रासलेल्या बालकावर नवे औषध आजमावू नये, असे जे दयाळू मत आपल्याकडे ऐकू येते, ते मला मान्य नाही. कारण आजमावणी आजही होतेच, प्रौढांचे औषध वजनाच्या हिशेबाने मुलाला दिले जातेच, फक्त त्याने गुण आला की अपाय झाला, ही हकीकत त्या-त्या रुग्णालयाच्या दप्तरात पडून राहते.

डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली वर्णिलेल्या व्याधीत हृदयाच्या धमन्यांना फुगवटे येतात. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास सात आठवड्यांनंतर या धमन्यांत दोष दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा १८ वरून ४ वर उतरते, हे अमेरिकेत १९८६ साली कळले, ते मुलांवरच रीतसर चाचणी झाली म्हणून. याहून विरळ अशा पॉलिआर्टेरायटिस नोडोसा या रक्तवाहिन्यांच्याच व्याधीचे काय? सायक्लोफॉस्फामाइड या जहाल, पुढे वंध्यत्वाची भीती असलेल्या औषधाऐवजी मायकोफेनोलेट चालेल काय, हे पाहण्यासाठी युरोपात झालेल्या चाचणीस अवघी ११ मुले मिळाली. तेव्हा तज्ज्ञांची पूर्वानुमाने आधी लेखी घेऊन त्यांत या मुलांची निरीक्षणे गणिताने मिळवण्यात आली, आणि दोन्ही औषधांचा गुण जवळपास सारखा दिसला. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या आपल्या देशाने, चंडीगडची पीजीआय, परळचे वाडिया रुग्णालय आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय यांच्या नोंदी एकत्र करून, अशा चाचण्यांत बरोबरीने का उतरू नये?

अडचण विज्ञानाची कमी आणि रोजगाराची जास्त आहे. मुकुंदवाडीतून चिकलठाण्याच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला दर तपासणीस खाडा पडतो. दोन-चार खाडे झाले की मूल चाचणीतून गळते, आणि ११ चे ९ झाले की निष्कर्षच डळमळतो. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमावलीने पालकांची संमती, इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई यांची तजवीज केली आहे. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शिकेची मुभा आहे. मात्र मुभा म्हणजे हुकूम नव्हे. मुलांवरील प्रत्येक चाचणीच्या अंदाजपत्रकात मजुरीची रक्कम स्वतंत्र कलमाखाली दाखवल्याखेरीज नीतिसमितीने तिला मंजुरीच देऊ नये, आणि ती रक्कम बापाच्या हाती त्याच दिवशी, घाटीच्याच खिडकीवर, रोख पडावी.