नाण्याची पारख कोणी करायची?

जुने नाणे हाती आले, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "याचे किती येतील?" या प्रश्नात वाईट काही नाही. गरजू माणसाने तो विचारावाच. माझी तक्रार निराळी आहे. हा प्रश्न ज्याला विचारायचा, तोच बहुधा ते नाणे विकत घेणारा असतो. तोलणारा तोच आणि घेणाराही तोच! आणि इतिहासाचे पेपर लिहिणारे आपण मात्र त्या व्यवहारात कुठेच नसतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आजीच्या देव्हाऱ्यातले तांब्याचे एक नाणे घेऊन मी नाशिकच्या एका नाणी-विक्रेत्याकडे गेले होते. विकायचे नव्हते; ते काय आहे, एवढेच जाणून घ्यायचे होते. दुकान म्हणजे जेमतेम तीन माणसे मावतील एवढा गाळा. दुकानदारांनी नाणे कडेने दोन बोटांत धरले, काट्यावर ठेवले, मग भिंगाखाली फिरवले. "शिवराई. दुदांडी." एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', आणि मध्ये दोन आडव्या रेघा, त्याच त्या दोन दांड्या. शिवराईची परंपरा १६७४ च्या राज्याभिषेकाच्या काळातली. दांड्यांचा हा प्रकार मात्र पुढचा, पेशवाईतला. माझ्या नाण्यावरचे 'श्री' अर्धेच होते. ठसा मोठा, चकती लहान आणि घाव हाताचा, त्यामुळे सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच उतरतात, असे त्यांनी समजावले. मग विचारले, "घरी चिंचेने घासत नाही ना कोणी? घासलं की अक्षरं जातात आणि किंमतही." आजी दर दसऱ्याला घासते. तिला हे कोणत्या शब्दांत सांगायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. किंमत त्यांनी दीडशे रुपये सांगितली. अशा शिवराया पुष्कळ आढळतात.

एवढ्यात एक वयस्क गृहस्थ आले. धोतराच्या कनवटीतून त्यांनी रुमालात बांधलेले नाणे काढले. राम, लक्ष्मण, सीता, मारुती. मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल. फोनवर कोणीतरी त्यांना याचे चार लाख कबूल केले होते, आणि 'नोंदणी फी' म्हणून दोन हजार आधीच मागवून घेतले होते. आता आणखी आठ हजार हवे होते. मुलीचे लग्न वैशाखात. दुकानदार क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "बाबा, हे नाणं नाही, बिल्ला आहे. कंपनीनं असलं काही कधी पाडलंच नाही. आता एक पैसा पाठवू नका." असले बिल्ले १६१६ साल घालूनही मिळतात, त्या साली कंपनीची हिंदुस्थानात टांकसाळच नव्हती! गृहस्थांनी रुमालाची गाठ पुन्हा नीट बांधली. "मग लाख तरी?" त्यांनी विचारले.

त्या दुकानदारांविषयी मला आदर वाटला. खरे सांगून त्यांना एक रुपया मिळणार नव्हता. पण एखाद्या घरचे आठ हजार एका अनोळखी व्यापाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असावेत का? अशा फसवणुकीविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तो त्या गृहस्थांपर्यंत पोहोचला नव्हता. आपण पोहोचू शकलो असतो.

आणि हा प्रश्न केवळ पैशाचाही नाही. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्याच पैशावर आपले नाव उमटवले! पाठ्यपुस्तकात आपण हे एका ओळीत वाचतो. तो साठा मोडीत जाऊन सोनाराच्या मुशीत वितळला असता, तर ती ओळही नसती. अशी किती नाणी आजवर चिंचेत, मुशीत आणि 'कुठे सापडले' हे न लिहिलेल्या पाकिटांत गेली असतील!

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या इतिहास विभागाने महिन्यातला एक शनिवार नाण्यांसाठी ठेवावा. भिंग, अचूक काटा आणि जाड पुठ्ठ्याची वही, एवढ्यावर काम भागेल. नाणे आणणाऱ्याला ते काय आहे, खरे की बिल्ला, हे सांगावे. भाव सांगू नये, विकत तर मुळीच घेऊ नये. "आम्ही तज्ज्ञ नाही," असे प्राध्यापक म्हणतील. ठीक, जे ओळखता येणार नाही, त्याचे छायाचित्र आणि वजन अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेकडे पाठवता येईल. १९८० पासून ती संस्था आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपल्या वर्गातल्या किती जणांनी तिचा दरवाजा पाहिला आहे?

वहीतल्या पहिल्या नोंदीसाठी माझी शिवराई आहेच. 'कोठून आली' हा रकाना भरायला मात्र आजीशी सवडीने बसायला हवे. ती नाणे सासूबाईंचे असे सांगते, आणि लगेच सासूबाईंच्याच गोष्टी सुरू करते.