फायनल दिल्लीत, पलटण पुण्याची, आपण महाडात: तिकीट काढायचं कधी?

२९ ऑक्टोबर २०२५, बुधवार. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामात दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पुणेरी पलटणने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवून फायनल गाठली. फायनल शुक्रवारी, ३१ तारखेला, दिल्लीच्या त्यागराज इनडोअर स्टेडियममध्ये. म्हणजे बुधवारी रात्री कळलं की आपली टीम खेळणार आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीत हजर पाहिजे. तेही महाडहून.

जरा हिशोब करू. मुंबई सेंट्रलची तेजस राजधानी संध्याकाळी पाचला सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोचते. शुक्रवारची गाडी धरली तर पोचणार शनिवारी, म्हणजे ट्रॉफी वाटून झाल्यावर. म्हणून गुरुवारचीच हवी. पण गुरुवारच्या गाडीचं एसी तत्काळ बुकिंग उघडतं आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी दहाला. आणि सामना बुधवारी रात्री! ज्या तासाला तिकीट मिळण्याची शक्यता होती, त्या तासाला पलटण फायनलला जाईल की घरी, हे खुद्द पलटणच्या कोचलाही माहीत नव्हतं.

आमचं टोळकं संध्याकाळी चवदार तळ्याच्या बाजूला जमतं, तिथे हा विषय चांगलाच पेटला होता. एकाचं म्हणणं, ‘अरे टाक ना तत्काळ, जिंकले तर जाऊ.’ आणि हरले तर? कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत मिळत नाही. चौघांचं राजधानीचं भाडं ‘बघू’ म्हणून टाकायला आम्ही काही फ्रँचायझीचे मालक नाही. शेवटी फायनल मोबाईलवरच बघितली. दबंग दिल्ली ३१-२८ ने जिंकली, त्यामुळे ‘बरं झालं नाही गेलो’ म्हणणाऱ्याला बळ मिळालं. पण माझा प्रश्न तसाच राहिला: हातात एवढे अ‍ॅप असताना महाडच्या पोराला बाहेरगावची एक मॅच बघायला जाणं इतकं अवघड का?

पहिलं कारण अ‍ॅपमध्ये नाहीच, लीगमध्ये आहे. २०१४ मध्ये लीग सुरू झाली ती मुंबईतच. दहाव्या हंगामात सामने बारा शहरांत फिरले, त्यात पुणं होतं आणि जानेवारी २०२४ मध्ये मुंबईही होती. अकराव्यात तीनच शहरं उरली: हैदराबाद, नोएडा, पुणे. फायनल बालेवाडीला झाली, २९ डिसेंबर २०२४ ला. बाराव्यात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. महाराष्ट्रात एकही सामना नाही. यू मुंबा आणि पुणेरी पलटण, दोन्ही टीम अख्खा हंगाम परक्या मैदानावर खेळल्या. मॅट कमी वेळा हलवावी लागली की लीगचा खर्च वाचतो आणि टीव्हीवर चेन्नई काय, जयपूर काय, सगळं सारखंच दिसतं. पण ज्या रायगडात गावागावात मातीवरच्या कबड्डीच्या स्पर्धा भरतात, तिथल्या प्रेक्षकासाठी ‘होम मॅच’ हा शब्दच संपला.

दुसरं कारण रेल्वेचं घड्याळ. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गुरुवार ३० ऑक्टोबरचं आरक्षण उघडलं ३१ ऑगस्टला, म्हणजे हंगाम सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले असताना. त्यात ऑक्टोबर २०२५ चा शेवट म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि छठपूजेची गर्दी. राजधानीला वर फ्लेक्सी भाडं: सप्टेंबर २०१६ पासून दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढतं, एका मर्यादेपर्यंत. उशीर कराल तितके जास्त पैसे. आणि वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, त्याच्या भरवशावर गाडीत चढता येत नाही.

तिसरं कारण नवीन आहे आणि आपल्या वयाच्या पोरांना जास्त बोचतं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारने पडताळलेलं लागतं. १५ जुलैपासून बुकिंग करताना ओटीपीही लागतो. एजंटांना पहिली तीस मिनिटं बंदी आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला साध्या आरक्षणाचीही पहिली १५ मिनिटं आधारवाल्या खात्यांसाठी राखून ठेवली होती. माझ्या मते नियम चांगला आहे. दहा वाजून एका मिनिटाला सगळी सीट खाणारी सॉफ्टवेअर यामुळे थोडी तरी अडतात. पण खेड्यात आधारला कोणाचा नंबर जोडलेला असतो? बहुतेक घरांत वडिलांचा. कधीकधी तर दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा. तुम्ही मोबाईलवर ‘ओटीपी टाका’ची रिकामी चौकट बघत बसता, ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो आणि वडील शेतावर. तेवढ्यात सीट गेली. नंबर बदलून घ्यायचं काम आजच करा, मॅच असो वा नसो. आधार केंद्रावर त्याला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये पडतात.

मग बुधवारच्या त्या रात्री काही मार्ग होता का? दोन होते.

एक, ६० दिवस आधीच फायनलच्या अंदाजाने साधं कन्फर्म तिकीट काढून ठेवायचं. तेव्हाच्या नियमानुसार गाडीच्या ४८ तास आधीपर्यंत थ्री एसीचं तिकीट रद्द केलं तर माणशी १८० रुपये आणि जीएसटी कापला जायचा. ४८ ते १२ तासांत पाव भाडं. समजा टीम सोमवारीच बाद झाली, तर दोनशेच्या आसपास गेले. बुधवारी रात्री बाद झाली, तर चौथा हिस्सा गेला. तत्काळच्या ‘सगळं किंवा काहीच नाही’ या जुगारापेक्षा हे परवडतं.

दोन, करंट बुकिंग. हे फार लोकांना ठाऊक नसतं. चार्ट लागल्यावर ज्या सीट रिकाम्या राहतात त्या तत्काळच्या जादा शुल्काशिवाय विकायला येतात. जुलै २०२५ पासून चार्ट आठ तास आधी लागायला लागला होता. पाचच्या राजधानीचा चार्ट म्हणजे सकाळी नऊला. डिसेंबरपासून दुपारनंतरच्या गाड्यांना ही वेळ दहा तास केली आहे, म्हणजे सकाळी सातला. सातला सीट दिसली तर महाडहून मुंबई सेंट्रल गाठायला दहा तास मिळतात. मॅप तुम्हाला याच्या निम्माच वेळ दाखवेल, पण मॅपला माणगाव-इंदापूरची कोंडी रोज नव्याने कळते, आपल्याला जन्मापासून माहीत आहे. एसटी पकडा आणि निघा. ग्रुपमधल्या मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढीच बचत.

मॅपवरून आठवलं. लीग पुन्हा बालेवाडीला आली आणि हंगाम बाराव्यासारखाच ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाला, तर पावसाचे दिवस असतील. मोबाईल तुम्हाला जवळचा रस्ता म्हणून वरंध घाटातून भोरमार्गे पाठवेल. दरडींमुळे या घाटावर पावसाळ्यात वाहतूक बंदीचे आदेश निघतात, अवजड वाहनांवर तर हमखास. असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राची पीडीएफ म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, मॅपवर नंतर उमटतो, कधी उमटतही नाही. बाईकवर रात्री मॅच बघून त्याच घाटाने परतायचा बेत तर करूच नका. बालेवाडी पुण्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे माणगावहून ताम्हिणीचा रस्ता तसाही सोयीचा पडतो. पाऊस जोरात असेल तर मात्र त्याचीही चौकशी करून निघा.

मॅचच्या तिकिटाचं थोडक्यात सांगतो. टेलिग्रामवर ‘फायनलचे दोन पास, अर्ध्या किमतीत’ म्हणून क्यूआरचा स्क्रीनशॉट विकणारे हमखास भेटतात. एकच क्यूआर दहा जणांना विकता येतो आणि गेटवर जो आधी स्कॅन करतो तो आत जातो. बाकीचे नऊ दिल्लीत रस्त्यावर. अ‍ॅपमधूनच तुमच्या खात्यावर ट्रान्सफर होत असेल तरच घ्या. यूपीआयवर अनोळखी माणसाने ‘रिक्वेस्ट’ पाठवून पैसे उकळायचा प्रकार एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केला, पण क्यूआर पाठवून ‘स्कॅन करा, पैसे परत येतील’ सांगणारे आहेतच. पैसे घेताना पिन लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात. हॉटेलवर ओळखपत्र मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने बदलली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि विमानं २५ डिसेंबरला उडायला लागली, म्हणजे त्या फायनलला काही उपयोग नव्हता. पण हा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. महाडहून मुंबईत शिरायचीही गरज नाही. बुधवारी रात्री टीम जिंकली, शुक्रवारी सकाळी विमान, असं आता निदान शक्य तरी आहे. भाडं परवडेल का, हे त्या रात्री किती जण तेच शोधत असतील त्यावर ठरणार.

लीगकडे माझी मागणी छोटी आहे. क्वालिफायर आणि फायनल यांच्यात आणखी दोन दिवस ठेवा. पलटण बुधवारी जिंकून फायनल रविवारी असती, तर गुरुवारी सकाळी दहाला शुक्रवारच्या गाडीचं तत्काळ उघडलं असतं, निकाल हातात असताना.