सुईविना साखर आणि एक दुधी भोपळा

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या खिशात चष्म्याचे घर, औषधांची जुनी चिठ्ठी आणि वर्तमानपत्राचे एखादे कात्रण हमखास सापडते. पहिल्या दोन वस्तू ते मागितल्यावर काढतात; कात्रण मात्र न मागता टेबलावर येते. ‘डॉक्टर, हे वाचलेत का?’ असा प्रश्न येतो आणि त्यामागे ‘नसेल वाचले, तर तुम्ही कसले डॉक्टर!’ हा न उच्चारलेला अभिप्राय असतो. गेल्या तीसएक वर्षांत अशी कात्रणे मी पुष्कळ पाहिली. त्यांतील विज्ञान पुढे गेले, छायाचित्रे रंगीत झाली. पण एक मथळा ठरावीक काळाने, एखाद्या सणासारखा, परत परत येत राहिला. ‘आता सुईविना कळणार रक्तातील साखर!’

वाचकहो, या मथळ्याचा मला आलेला अनुभव आज सांगणार आहे. ज्यांच्याबाबतीत तो घडला, त्यांची अनुमती घेतली आहे. त्यांना आपण गुरुजी म्हणू, कारण सारे गाव त्यांना तसेच म्हणते. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक, मराठीचे शिक्षक. मधुमेह वीस वर्षांचा, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. रोज बोटाला सुई टोचून घेण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. वाढदिवसाला नातवाने त्यांना एक मनगटी घड्याळ भेट दिले. ते वेळ सांगे, नाडी सांगे, पावले मोजे, झोपेला गुण देई आणि वर रक्तातील साखरही सांगे. गुरुजी हरखून गेले. ग्लुकोमीटर कपाटात गेला आणि त्याच्या पट्ट्यांची डबी औषधांच्या खणाच्या तळाशी जाऊन बसली.

पंधरा दिवस सारे सुरळीत चालले. म्हणजे घड्याळ जे दाखवी ते गुरुजींना पटत होते. सोळाव्या दिवशी रात्री आठ वाजता घड्याळाने ३१२ आकडा दाखवला. गुरुजी शिस्तीचे. त्यांनी स्वतःच निर्णय घेतला, नेहमीच्या इन्शुलिनमध्ये सहा युनिट वाढवले, पोळीला नकार देऊन नुसते ताक घेतले आणि झोपले.

रात्री अडीचच्या सुमारास त्यांच्या सूनबाईंना ओसरीवरून आवाज आला. गुरुजी अंधारात उभे होते, सदरा घामाने चिंब झालेला, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या एका वर्गाची हजेरी घेत होते. नावे बरोबर होती. ‘हजर’ म्हणायला कोणी नव्हते. सूनबाईंनी मला फोन केला. ‘बाबा काहीतरीच बोलताहेत. वाताचा झटका असेल का?’ मी म्हटले, ‘आधी कपाटातला ग्लुकोमीटर काढा.’ साखर ४४ होती. त्याच क्षणी मनगटावरचे घड्याळ १४८ दाखवत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

गुरुजींना गिळता येत होते, हे नशीब. अर्ध्या कप पाण्यात चहाचे तीन चमचे साखर विरघळवून पाजली. मी पोहोचलो तोवर पंधरा मिनिटे झाली होती, साखर ६१. पुन्हा तेवढेच पाणी. मग ९६. त्यानंतर दूध-पोळी खाऊ घातली आणि उजाडेपर्यंत दर तासाला बोट टोचून पाहिले, कारण जादा इन्शुलिनचा प्रभाव एका वेळच्या साखरेने संपत नाही. पहाटे गुरुजींनी मला ओळखले आणि पहिले वाक्य उच्चारले, ‘डॉक्टर, तुम्ही एवढ्या रात्री? कोणी आजारी आहे का?’

दुसऱ्या दिवशी सासरे आणि सूनबाई दवाखान्यात आले. सूनबाईंच्या हातात बाजाराची पिशवी होती आणि पिशवीतून दुधी भोपळा डोकावत होता. मला एक खोडी सुचली. मी घड्याळ मागून घेतले, दुध्याच्या मानेला बांधले आणि कळ दाबली. आम्ही तिघे श्वास रोखून पाहत राहिलो. काही क्षणांत निदान आले: नाडी ७८, साखर ११२. ‘गुरुजी,’ मी म्हटले, ‘याची साखर तुमच्यापेक्षा चांगली आहे. पथ्य पाळत असला पाहिजे.’ गुरुजी हसले. पण सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. आदल्या रात्री काय होता होता टळले, ते त्यांना त्या दुध्याने अधिक स्पष्ट सांगितले.

दुध्याला नाडी कुठून आली? या घड्याळांच्या पाठीशी हिरवा प्रकाश असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक त्वचेखालील रक्त किंचित वाढते आणि परतणारा प्रकाश किंचित कमी होतो. त्या चढउतारांवरून नाडी मोजली जाते. तत्त्व उत्तम आहे. परंतु समोर नाडीच नसेल, तर प्रकाशातील किरकोळ थरथरीलाही एखादे यंत्र नाडी समजून बसते. साखरेचा आकडा त्याने कुठून आणला, ते देवच जाणे. आरंभी भरून घेतलेल्या वय-वजनावरून बेतला असावा, असा माझा कयास आहे.

आता साखर प्रकाशाने मोजणे इतके अवघड का, तेही पाहू. बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी पोहोचला. तोही प्रकाशावरच चालतो. पण तो ज्याला शोधतो, त्या हिमोग्लोबिनला स्वतःचा रंग आहे आणि प्राणवायू मिळताच तो रंग बदलतो. साखरेला असा रंग नाही. शिवाय ती असते किती? प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. साखर १०० असेल, तर त्या साऱ्या रक्तात मिळून सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर असते. ती ५० वर आली म्हणजे अर्धा चमचा. पाच लिटरच्या पातेल्यात एक चमचा साखर आहे की अर्धा, हे पातेल्याच्या बाहेरून, उजेड पाडून ओळखायचे आहे. आणि मध्ये त्वचा, चरबी, घाम व पाणी यांचे पडदे आहेत. शुद्ध आणि बेशुद्धी यांतील अंतर त्या अर्ध्या चमच्याचे आहे. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर एक एन्झाइम असते. ते साखरेशी प्रक्रिया करते आणि त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते. त्यासाठी रक्ताचा थेंब लागतो. सुई आहे ती त्यासाठी.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. २००१ मध्ये अमेरिकेत एका घड्याळाला शासकीय मान्यताही मिळाली होती. ते सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेतून द्राव ओढून साखर मोजे. त्वचेची आग होई आणि घड्याळ जुळवून घेण्यासाठी बोट टोचावेच लागे. काही वर्षांत ते बाजारातून गेले. २०१४ मध्ये गूगलने अश्रूंतील साखर मोजणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सची घोषणा केली. २०१८ मध्ये तो प्रकल्प थांबवण्यात आला, कारण अश्रूंतील साखर आणि रक्तातील साखर यांचा मेळ भरवशाचा बसेना. हे प्रामाणिक प्रयत्न होते. थेरॅनॉस कंपनीची कथा निराळी. रक्ताच्या काही थेंबांत असंख्य तपासण्या करण्याचा तिचा दावा जगभर गाजला आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. घोषणेच्या वेळी या तिन्ही बातम्या सारख्याच उत्साहाने छापल्या गेल्या होत्या. मागाहून काय झाले, ते मात्र फारसे कोणाच्या कात्रणात आले नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनतेला स्पष्ट इशारा दिला: त्वचेला न टोचता स्वतः रक्तशर्करा मोजते असे सांगणारे कोणतेही घड्याळ वा अंगठी आपण मान्य केलेली नाही, आणि त्यांच्या आकड्यांवर औषधाची मात्रा ठरवल्यास साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. गुरुजींचा तो प्रसंग जणू त्या इशाऱ्याचे उदाहरण म्हणूनच घडला. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दंडावर किंवा पोटावर चिकटवायचे जे संवेदक असतात, त्यांचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि तेथील द्रवातील साखर मोजतो. त्यांचा आकडा काही घड्याळांवर दिसतो. तो घड्याळाने मोजलेला नसतो, नुसता दाखवलेला असतो. असे संवेदक उपयुक्त आहेत. मात्र साखर वेगाने बदलत असताना ते काही मिनिटे मागे असतात, म्हणून शंका आल्यास बोट टोचून पडताळावे.

घड्याळांवर माझा सरसकट राग नाही. नाडीच्या अनियमिततेबाबत ती खरोखर कामाची ठरली आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार लाखांहून अधिक लोकांनी घड्याळे वापरली. हजारी सुमारे पाच जणांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांतील सुमारे एकतृतीयांश लोकांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड त्या पट्टीवर आढळली. हा विकार येतो-जातो, म्हणून उरलेल्यांची सूचना खोटीच होती असेही नाही. सूचना आली की घाबरू नये, स्वतः औषध घेऊ नये, ईसीजी काढावा. यंत्राने दार ठोठावले, तर ते कोण आहे हे उघडून पाहायचे असते.

ग्लुकोमीटरही ब्रह्मवाक्य नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या वाचनांत पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक क्षम्य मानला जातो. आंबा खाऊन हात न धुता बोट टोचले, तर यंत्र आंब्याचीही साखर मोजते! पट्ट्यांची मुदत पाहावी, डबी घट्ट मिटावी, हात धुऊन कोरडे करावेत. आकडा आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल, तर पुन्हा मोजावे.

काळजी घेणाऱ्यांनी पुढील मजकूर कापून औषधांच्या खणावर चिकटवावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारी वयस्क व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, चिडली, घामाघूम झाली, थरथरू लागली किंवा अवेळी सुस्त झाली, तर आधी बोट टोचून साखर पाहावी. ७० च्या खाली असेल, अथवा मोजण्याची सोय नसेल, तर गिळता येत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. कमीच असेल, तर तेवढीच साखर परत द्यावी. सावरल्यावर काहीतरी खायला द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे, कारण गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. एका कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि कोणत्याही यंत्राने कोणताही आकडा दाखवला, तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय इन्शुलिन आपल्या मनाने वाढवू नये.

गेल्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले. खिशातून कात्रण निघाले. माझ्या पोटात गोळा आला. पण कात्रण तेच जुने होते. मथळ्यातील ‘कळणार’ या शब्दाखाली त्यांनी लाल शाईने रेघ ओढली होती आणि शेजारी समासात लिहिले होते: ‘भविष्यकाळ’.

‘डॉक्टर,’ ते म्हणाले, ‘छत्तीस वर्षे मुलांना काळ शिकवले. क्रियापद पाहा, मग अर्थ लावा, असे घोकून घेतले. आणि बातमी वाचताना मलाच काळ ओळखता आला नाही.’

मी त्यांचे बोट टोचले. साखर १३४ आली. मनगटावर घड्याळ होतेच. ‘हे अजून बांधता?’ मी विचारले.

‘नातवाने दिलेले आहे, टाकवत नाही,’ गुरुजी म्हणाले. ‘वेळ अगदी अचूक दाखवते.’