नळाच्या पाण्याची नोंद

कॅल्शियम म्हणजे हाडे आणि दात, म्हणून दूध प्या, हे आपण मुलांना बालवाडीपासून ऐकवतो. ते खरे आहे, पण अर्धेच. हे पान उलटताना बोटे हलतील, तीही कॅल्शियममुळे.

स्नायूत मायोसिन नावाचे प्रथिन असते. रस्सीखेचीतल्या गड्याने दोर ओढावा तसे ते ॲक्टिनचा तंतू ओढते. मात्र स्नायू सैल असताना त्या दोराची धरायची जागा झाकलेली असते. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असते. मज्जातंतूचा निरोप आला की आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते, ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, झाकण सरकते आणि मायोसिनला पकड मिळते. कॅल्शियम परत साठ्यात गेले की स्नायू सैल. ट्रोपोनिनचा हा शोध जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात लावला. (छातीत दुखले की ज्या ‘ट्रोपोनिन’साठी रक्त तपासतात, ते याच कुटुंबातले.)

पण मला लिहायचे आहे ते त्याआधीच्या एका चुकीबद्दल. लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात चालू ठेवून पाहत. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापलेही. मग लक्षात आले, की द्रावण डिस्टिल्ड वॉटरऐवजी चक्क नळाच्या पाण्यात केलेले होते! शुद्ध पाणी वापरताच हृदय नीट आकुंचन पावेना. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम गुपचूप काम करत होते. १८८३ मध्ये रिंगर यांनी ही चूक स्वतःच छापून जाहीर केली.

आता मुलांच्या प्रयोगवह्या उघडा. सगळ्या वह्यांत एकच उत्तर, तेही पुस्तकातले. प्रयोग फसला की मुलगा शेजाऱ्याची वही मागतो, कारण फसलेल्या नोंदीला गुण नाहीत. मीही शाळेत हेच केले, आणि अक्षर सुवाच्य म्हणून शाबासकी मिळवली. रिंगर असे वागते, तर नळाचे पाणी कुणाला कळलेच नसते.

माझी सूचना अशी : दहापैकी दोन गुण ‘अपेक्षेप्रमाणे काय झाले नाही’ या रकान्याला द्यावेत. विश्वस्तांना यात एक पैशाचाही खर्च नाही. बाहेरच्या परीक्षकांना हे चालेल का, असे शिक्षक विचारतील. म्हणून सुरुवात आठवीपासून करावी. तिथले गुण शाळेच्याच हातात आहेत.