स्कॅन केलं, म्हणजे संपलं?

"आता सगळं स्कॅन झालंय हो!" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मंडळी, स्कॅन म्हणजे नुसता फोटो.

पुण्याचंच घ्या. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. जमिनीखालून बांधीव नळ, मध्ये मध्ये उच्छ्वास, पंप नाही, सगळी करामत उताराची! यावर संशोधन करायचं तर उताराचं गणित इंजिनिअर मांडेल, नकाशा संगणकवाला करेल. पण पेशवे दफ्तरातल्या हजारो रुमालांपैकी नेमका कुठला सोडायचा, हे कोण सांगणार? संगणक? अहो, मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागाच मिळाली २०१४ मध्ये!

ते सांगतो सूची करणारा. आणि त्यालाच आपण कारकून समजतो. वाचकाचा वेळ वाचवणं हा ग्रंथालयाचा नियमच, असं १९३१ मध्ये मांडणारे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक होते. कारकून?

माझं म्हणणं सरळ आहे. सूची करणं हेही संशोधनच. शोधनिबंधावर सूचीकाराचं नाव हवं, तळटीपेतले आभार नकोत. नाहीतर उद्या रस्ता खणताना नळ फुटेल, आणि त्याचा कागद मात्र कुठल्याशा हार्डडिस्कवर अगदी सुखरूप असेल!