नकाशावर शेरा कोणाचा?

साखर वाढली की डॉक्टर सांगतात, सायकल चालवा. कुठल्या रस्त्याने, ते सांगत नाहीत. जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मरतात, आणि त्यांत निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर असतात. म्हणून आरोग्याच्या पानावर रस्त्याचा विषय.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला नकाशा. मोबाइलवरून कोणीही त्यात भर घालू शकतो. रस्ता डांबरी की मातीचा, खड्डे किती, रात्री दिवे आहेत का, हे त्यात लिहिता येते. सायकलसाठी रस्ता कसा, याला उणे तीन ते अधिक तीन असा शेराही देता येतो. आमचा आक्षेप या शेऱ्याला आहे.

साताऱ्याहून पहाटे गिअरच्या सायकलवर यवतेश्वरचा घाट चढणाऱ्याला तो रस्ता झकास वाटेल. कुपवाड एमआयडीसीतून रात्रपाळी करून घरी येणाऱ्या आपल्या माणसाचे तसे नाही. गळीत हंगामात पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. साइडपट्टी खचलेली. एप्रिलमध्ये सकाळी फिरून शेरा देणाऱ्याला यातले काय दिसणार? रस्ता तोच, पण जाणारा कोण यावर तो बदलतो. आपल्याला हे नवीन नाही. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावांना आणि सोबतच्या मुलांना बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः हाकून.

अमेरिकेत २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी रस्त्यांच्या चार पायऱ्या केल्या. पहिली म्हणजे लहान मुलांनाही झेपेल अशी. त्यांचा एक नियम आम्हाला फार पटतो: वाटेतला सर्वांत वाईट तुकडा जसा, तशी सगळी वाट. सरासरी काढायची नाही. वस्तीपासून शाळेपर्यंत सगळे ठीक, पण मध्ये महामार्ग ओलांडायचा असेल, तर सातवीतल्या मुलीसाठी ती वाट वाईटच.

म्हणून आपण शेऱ्याच्या भानगडीत पडू नये. 'सुरक्षित' हे मत झाले. खांबावर दिवा नाही, ही वस्तुस्थिती. दुसऱ्याने जाऊन पाहिले तर पटेल तेवढेच लिहा, असे हा नकाशा करणारेही सांगतात. एहिपस्सिक धम्म मानणाऱ्यांना हे वेगळे शिकवायला नको! ट्रॉल्यांची तक्रार नकाशात मावत नाही. ती लेखी अर्ज करून आरटीओ आणि कारखान्याकडे द्यावी, पोच घ्यावी.

अनेकदा वस्तीतली गल्ली नकाशात काढलेलीच नसते. ती आधी काढा. नाव लिहिताना जपा. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. जुने नाव दिसले तर पुसून भीमनगर, समतानगर, जे ठरले असेल ते घाला.

रविवारी वंदना झाली की कॉलेजची चार पोरे आणि सायकलवर शाळेला जाणाऱ्या दोन मुली, एवढ्यांनी विहारापासून शाळेपर्यंत एकदा जावे. कुठे उतरून सायकल हातात धरावी लागते, हे मुलींना विचारावे. तेवढा तुकडा आधी नोंदवावा.