कळफलकाचा दोष टंकणाऱ्याच्या माथी

मराठी मजकुरातल्या टंकनाच्या चुका निष्काळजीपणातून होतात आणि कळफलकाच्या रचनेचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही, असे ठामपणे सांगणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रोमन कळा सगळ्यांच्या बोटांत बसल्या आहेत, मराठी शब्द त्याच कळांनी टंकावा, देवनागरी सॉफ्टवेअर उमटवील आणि चूक झाली तर तेच सुधारील. वेगळी मांडणी शिकणे म्हणजे वेळ दवडणे.

हा पक्ष पहिल्याच पायरीवर घसरतो. त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ हे भेद मराठीत अर्थ बदलतात. रोमन कळफलकावर प्रत्येक जोडीला सहसा एकच कळ वापरली जाते. 'के-ए-एल' या तीन कळांतून काल, काळ, कल, कळ हे चारही शब्द निघू शकतात, 'व्ही-ए-टी'तून वात आणि वाट. त्यांतला कोणता घ्यायचा याचा अंदाज सॉफ्टवेअर बांधते. स्पेसबार दाबला की यादीतला पहिला शब्द बसतो, आणि तो मराठीतला खराच शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीला त्यात काही वावगे दिसत नाही. सर्वांत वाईट गत होते ती 'ऱ्य'ची. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. रोमनमध्ये दोन्ही एकच. 'सह्याद्रीच्या दर्या' असे लिहिलेले दिसते, तेव्हा लिहिणाऱ्याला दरी आणि समुद्र यांतला फरक ठाऊक असतो. त्याच्या कळफलकावर 'ऱ्य' काढण्याची उघड वाट नसते. अशा माणसाला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कळमांडणीत शिफ्टसह र दाबला की ऱ येतो, मग पाय मोडण्याची कळ, मग य. अंदाजाला जागाच नाही. बोट तिथेही घसरते. र, क, त शेजारी असल्याने 'कान'चे 'रान' होऊ शकते. पण 'काल'चे 'राल' झाले, तर ते वाचताक्षणी खटकते.

वेगळी मांडणी शिकण्यात वेळ जातो म्हणावे, तर रोमन मांडणीही बोटांना येते ती शिकवली गेली म्हणूनच. कळा न वापरता बोलूनही टंकता येते हे खरे, पण उमटलेली चूक शेवटी कळांनीच दुरुस्त करावी लागते.

यंत्राच्या सोयीसाठी भाषेला मुरड घालण्याचा आग्रह जुनाच आहे. टंकयंत्रावर कळा अपुऱ्या, म्हणून इ-उ सोडून अि-अु लिहावे, असा वाद एके काळी रंगला आणि काहींनी ते अमलातही आणले. पुढे टंकयंत्राचीच मांडणी संगणकावर आली: अक्षरांचे तुकडे वेगळ्या कळांवर आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. उच्चार मात्र व्यंजनाचा आधी होतो. लिपी बदला म्हणणारे आणि आज लिपीच टंकू नका म्हणणारे एकाच वाटेने चालले आहेत.

इनस्क्रिप्टची मांडणी केंद्र सरकारने १९८६ साली ठरवली आणि आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख, ग आणि घ एकाच कळेवर, दुसरे शिफ्टने. काना आणि आ यांचेही तसेच. 'करते' हा शब्द मधली ओळ न सोडता टंकता येतो. मराठीत सतत लागणारे ळ, ण, श मात्र शिफ्टवर गेले आहेत, ही उणीव खरी आहे आणि ती दूर व्हायला हवी. तरीही मराठी टंकनासाठी हीच मांडणी योग्य आहे.

शाळांनी मुलांना संगणकावरचे मराठी याच मांडणीतून शिकवावे. विंडोज आणि लिनक्समध्ये ती आधीपासून आहे. त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.